पटावरची पोरं

आमच्या घरात शाळेच्या गोष्टी प्लेगपासून सुरू होतात. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढे घाट चढून वर आला आणि नंतर कितीतरी हिवाळे फिरून फिरून येत राहिला. उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, दारांना कड्या घालायच्या आणि गुरंढोरं घेऊन माळावर झोपड्या बांधून राहायचं. पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावानंही तेच केलं. माझे पणजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे होते, देवळातल्या पंतोजींकडे नुकतेच बसायला लागले होते. पंतोजी परगावचे. प्लेगची वर्दी आली तसे ते आपल्या माणसांकडे निघून गेले आणि परत आलेच नाहीत. वाटेतच गेले की घरी पोचून गेले, हे गावाला कधी कळलं नाही.

माळावर पोरांना काही काम नव्हतं. पंतोजींच्या हाताखाली चार वर्षं काढलेला बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा मग रोज सकाळी धाकट्यांना गोळा करून बसवायला लागला. धूळपाटीला माळावर धुळीची काय वाण! बोटानं अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. उजळणी तो पुढं म्हणायचा, बाकीचे मागून. पाढे झाले, पावकी झाली, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी इथवर त्यानं सगळ्यांना ओढत आणलं. त्यापुढचं त्यालाच येत नव्हतं.

पणजोबा ऐंशी वर्षं जगले. शेताचे, बाजाराचे, देण्याघेण्याचे सगळे हिशेब तोंडी करायचे. पण औटकी त्यांची कच्ची ती कच्चीच राहिली. साडेतीनच्या पटीतला हिशेब आला की ते बोलता बोलता थांबायचे, तिनाचं वेगळं, निम्म्याचं वेगळं करायचे आणि मग बेरीज सांगायचे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे सांगताना आवाज खाली आणायचे. "दादांची शाळा औटकीपाशी मोडली," म्हणायचे. "पुढं कुणी विचारलंच न्हाई, की बाबा, कुठवर आला होतास."

मोठ्यानं धाकट्याला शिकवायचं ही आपल्याकडच्या गावठी शाळांची जुनी चाल. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं इथली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. ती युक्ती त्यानं आपल्या अनाथालयात आणली, विद्यार्थ्यांकडूनच विद्यार्थ्यांना शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. विलायतेत ती मद्रास पद्धत म्हणून गाजली, कारण एका मास्तरात शेकडो मुलं स्वस्तात उरकत होती. कमी माणसांत जास्त मुलं, ही ओढ तेव्हापासूनची आहे आणि दर पिढीत ती नवं साधन हातात घेऊन येते. ऑनलाइन शिक्षण चांगलं की वर्गातलं, असं कुणी मला विचारलं की मी उत्तराआधी या घरच्या गोष्टी सांगते, त्या यासाठी.

वर्गाचं गुणगान करण्याआधी मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या एका पटाकडे बघावं लागतं. आमचे पणजोबा माळावर धूळ गिरवत होते त्याच सुमारास, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याला राजवाड्यातल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. पटावर १९१४ या क्रमांकासमोर लिहिलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. नाव पटावर होतं, पण मुलगा वर्गात इतरांबरोबर बसू शकत नव्हता. बसायचं गोणपाट त्यानं घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलं राहायचं. चार भिंती, फळा, मास्तर, घंटा, सगळं जिथल्या तिथं होतं. ज्या वर्गाची आपण आज आठवण काढतो त्या वर्गानं किती मुलांना दाराशी आणि किती मुलींना दाराबाहेर ठेवलं, हे विसरून पारंपरिक शाळेची बाजू मांडता येत नाही. आबा मास्तर होते आणि ही गोष्ट ते दर वर्षी आपल्या वर्गाला सांगत.

आबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले. पुढं साताऱ्याला, भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये काढलेल्या सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते मास्तर झाले. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावात स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या पंगतीत जेवलेल्या तरुणांना नंतर डोंगरावरच्या वाड्यांवर पाठवलं गेलं. जिथं सरकारी शाळा नाही तिथं संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढायच्या, गावानं जागा द्यायची, धान्य द्यायचं, मास्तर संस्था देणार. आबा अशाच एका वाडीवर गेले. जागा म्हणजे मारुतीचं देऊळ.

पहिल्या दिवशी देवळात कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः घराघरांत गेले. पोरं रानात होती, म्हणून ते रानात गेले. गुराखी पोरांचे बाप म्हणाले, पोरगं शाळेत बसलं तर गुरं कोण बघणार? मग ठरलं की गुरं सोडायच्या आधी दोन तास आणि रात्री कंदिलावर दोन तास. पोरींना पाठवायला कोणी तयार नव्हतं. तिथं आजी गेली. आजीचं माहेर करवीरकडचं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया ही काही थोडकी रक्कम नव्हती. आजीच्या वडिलांनी दंडाच्या धाकानं थोरल्या मुलाला शाळेत घातलं आणि मागोमाग इतरही गेली. आजी वाडीतल्या बायांना ही गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आमच्या राजाला दंड करावा लागला. तुमच्या दारी मास्तर सोता आलाय." वर्षअखेरीला देवळात दोन पोरी बसायला लागल्या होत्या.

आबांच्या सगळ्या गोष्टींत एक वस्तू यायचीच, ती म्हणजे हजेरीपट. लाल कापडी पुठ्ठ्याचा, आडवा. शाळा सुटली की गैरहजर पोरांची नावं ते तळहातावर शाईनं लिहीत आणि घरी जायच्या वाटेवर त्या घरांवरून जात. काय झालं, ताप आहे का, पाटी फुटली का, मामाच्या गावाला गेला का. दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना तास लागायचा. आजी जेवणासाठी खोळंबायची आणि चिडायची. हे काम त्यांना कोणी लावून दिलं नव्हतं. त्यांच्या मते शिकवणं तिथून सुरू होत होतं.

१९५६ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या गावात रेडिओ आला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग मांडला होता: पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण २०. बियाणं, खत, उंदरांचा बंदोबस्त, सहकारी सोसायटी असे विषय. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकणार, कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्यावर बोलणार, आणि त्यांचे प्रश्न पत्रानं पुण्याला जाणार. पुढच्या खेपेला त्यांतल्या काहींची उत्तरं रेडिओवरून यायची. शेजारच्या गावात लिहिणारं माणूस हवं म्हणून आबांना बोलावलं. नदी ओलांडून ते संध्याकाळी जायचे, प्रश्न उतरवून घ्यायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेली एक बैठक मला अजून दिसते. कंपोस्टवर कार्यक्रम झाला. सगळ्यांनी मान डोलावली. रेडिओ बंद झाल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं की खड्डा म्हणतात तो किती खोल? कार्यक्रमात फुटांचं माप सांगितलं होतं आणि तिथं बसलेल्यांची मापं हाताची होती. आबांनी उठून जमिनीवर काठीनं आखून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात चार खड्डे खणलेले होते.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: जिथं रेडिओ आणि चर्चेची मंडळं दोन्ही होती, जिथं नुसता रेडिओ होता आणि जिथं यांतलं काहीच नव्हतं. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती भरभरून वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. मोबाइलच्या कितीतरी आधी, आपल्याच जिल्ह्यांत, मराठी बोलणाऱ्या माणसांवर झालेली ही पाहणी आहे. दूरस्थ शिक्षणावर बोलणाऱ्या प्रत्येकानं ती आधी वाचावी असं मला फार वाटतं.

मग भूकंपाची गोष्ट. ती आबा क्वचित सांगत, आम्ही फार मागे लागलो तरच.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयना खोरं हादरलं. आबा तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक झाले होते. दगड-मातीची घरं होती, थंडीचे दिवस, सगळी माणसं दारं लावून आत झोपलेली. कोयनानगर तर उद्ध्वस्तच झालं. एकंदर पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून सगळे वाचले. उजाडल्यावर आबांनी घरच्यांना अंगणात बसवलं आणि ते शाळेकडे गेले. छप्पर खाली बसलं होतं, ऑफिसच्या खोलीचं दार चौकटीत अडकलं होतं. जमीन अधूनमधून हलतच होती. त्यांनी खिडकीचा गज वाकवून हात आत घातला आणि कपाटाच्या वरच्या खणातून हजेरीपट ओढून काढला.

तो काखेत मारून ते घरोघर निघाले. घरं कसली, ढिगारे. एकेका ढिगाऱ्यापुढं उभं राहून ते पटावरची नावं मोठ्यानं पुकारत. रोज सकाळी ज्या ओळीनं पुकारत त्याच ओळीनं. कुठून 'हजर' यायचं. सवयीनंच यायचं, रडत रडत यायचं. एका ठिकाणी आवाज ढिगाऱ्याखालून आला. दुसरीतली पोरगी होती, जात्यामागच्या कोनाड्यात अडकलेली. लोकांनी हातानं दगड बाजूला केले. ती आमच्या गावातच नांदली, तिच्या नातवंडांना मी ओळखते. तिला जेव्हा जेव्हा त्या पहाटेबद्दल विचारलं, तेव्हा ती एवढंच सांगायची की गुरुजींनी हजेरी घेतली म्हणून मी ओ दिली, नाहीतर भिऊन गप्प बसले होते.

पटावरच्या दोन नावांना उत्तर आलं नाही. आबांनी त्या पटात पुढं जून येईपर्यंत ती नावं ठेवली. नियमानं कमी करायला हवी होती. तपासायला आलेल्या साहेबांनी पट पाहिला, पान उलटलं आणि शेरा न लिहिता सही केली. शाळा आठवड्याभरात आंब्याखाली सुरू झाली, नंतर पत्र्याची शेड आली, इमारत व्हायला वेळ लागला. पोरं शेडमध्ये शिकली ती शिकलीच. भिंती नसल्यामुळे काही अडलं असं आबांनी कधी म्हटलं नाही.

दूरदर्शनच्या काळाबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, मुलांसाठी मराठीतून चांगले कार्यक्रम तिथं तयार व्हायचे, काही तर फारच कल्पक होते. आमच्या भागातल्या एका शाळेत टीव्ही संच आला, तो लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवला गेला आणि किल्ली सांभाळणाऱ्याची बदली झाल्यावर पेटी तशीच राहिली. बालचित्रवाणीही पुढं बंद पडली.

काकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ती या गोष्टीतली उलट बाजू आहे. माझी चुलती सातवी पास होऊन आमच्या घरात आली. हुशार बाई. आबांची सून म्हणून तिचा मान होता, पण शाळेत परत जाण्याची सोय नव्हती. तिशीतल्या बाईला कोणत्या वर्गात बसवणार? १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. दहावी-बारावी न झालेल्यांनी आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा आणि मग बी.ए.ला प्रवेश घ्यायचा, अशी वाट त्यांनी काढली. काकीला ते समजलं आणि तिनं काकांना न विचारता अर्ज आणवला. आबांना मात्र विचारलं होतं.

पुस्तकं घरी आली. ती वाचणाऱ्याशी बोलावं अशा ढंगानं लिहिलेली होती, मध्ये थांबून प्रश्न विचारायची, उत्तर लिहायला जागा सोडायची. काकी चुलीपुढं बसून ती वाचायची, भाकरी थापता थापता मोठ्यानं उत्तरं म्हणायची. दर रविवारी सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात संपर्क सत्राला जायची. तिथं अंगणवाडीच्या बाया असायच्या, पोलीस असायचे, एक बस कंडक्टर होता, सगळे पोटापाण्याची कामं सांभाळून आलेले. एका रविवारी ती गेली नाही, सासूबाईंना बरं नव्हतं. बुधवारी पोस्टकार्ड आलं. समंत्रक बाईंनी लिहिलं होतं की आपण आला नाहीत, पुढच्या वेळी इतिहासाचा तिसरा घटक घेणार आहोत, जमेल तेवढा वाचून यावा, काळजी करू नये. काकीनं ते कार्ड पदवीच्या दाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवलंय.

म्हणून मी दूरस्थ शिक्षणाला कधीच कमी लेखणार नाही. वर्गानं ज्यांना आत घेतलं नाही किंवा ज्यांचं वय, लग्न, नोकरी आडवी आली, त्यांना शिक्षण घरी पोचवणारी ही वाट फार मोलाची आहे. आज माझ्या भावाची मुलगी गावात राहून स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं मोबाइलवर ऐकते. पुण्यात पेठेत खोली घेऊन राहायचं म्हटलं असतं तर घरच्यांना परवडलं नसतं. तिला ते साधतं, कारण ती चोवीस वर्षांची आहे, तिला कसं शिकायचं ते माहीत आहे आणि काय येत नाही तेही माहीत आहे. काकीलाही साधलं, कारण तिच्यामागं सातवीपर्यंतची शाळा होती, घरात आबा होते आणि बुधवारी कार्ड येत होतं. सहा वर्षांच्या पोराकडे यांतलं काही नसतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा मिटल्या. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं मुंबईवर चालतात, माथाडी कामगारांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती घणसोली-कोपरखैरण्याला. तीही सगळी गावाला आली. मी पुण्याहून आले ती बरेच महिने तिथंच राहिले. गावात एरवी नसतात एवढी पोरं त्या उन्हाळ्यात होती. जूनमध्ये मुंबईच्या शाळांचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि रेंजच्या शोधात पोरं टेकावर जाऊन बसायला लागली. डोक्यावर इरली, छत्र्या, प्लॅस्टिकचे कागद. आमच्या पाटणच्या पावसात.

माझा भाचा पाचवीत होता. मी त्याच्याशेजारी बसून त्याचे तास पाहिले. पडद्यावर चौकोन, त्यांत बहुतेक काळे, काळ्यावर नुसतं नाव. "मॅडम, आवाज येत नाहीये." "रोहनच्या घरचा कुकर बंद करा." मॅडम खरोखर जीव तोडून शिकवत होत्या, त्यांचं स्वतःचं लहान मूल मागं रडत होतं. त्यांनी अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि विचारलं, समजलं का? आठ-दहा अंगठे वर आले. माझ्या भाच्याचाही आला. त्याला काही समजलेलं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून दिसत होतं. मॅडमना दिसणं शक्य नव्हतं, कारण कॅमेरा चालू ठेवला तर आवाज तुटत होता. वर्गात असत्या तर त्यांनी त्याच्या वहीत डोकावलं असतं, छेद वेगळे असताना त्यानं वरचे अंक सरळ मिळवलेत हे पाहिलं असतं आणि पेन्सिलीनं तिथंच टिंब दिलं असतं. त्या टिंबासाठी शाळा असते.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या पोरांना तोही वर्ग नव्हता. त्यांच्या फोनवरच्या गटावर रोज स्वाध्याय यायचा. फोन बापाच्या खिशात, बाप कामावर, फोन घरी रात्री आठला. दोन भावंडं असली की थोरल्याचा अभ्यास आधी. आमच्या शेजारची तिसरीतली मुलगी रात्री फोनच्या उजेडात गणितं उतरवून सोडवायची, वहीचा फोटो काढून पाठवायची आणि निळ्या खुणा उमटल्या का ते बघून झोपायची. खुणा उमटायच्या. उत्तर चूक की बरोबर ते कधी आलं नाही. चार-पाच वाड्यांच्या फोटोंच्या ढिगात ते शक्यही नव्हतं.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत दिसलं की देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलं असलेल्या घरांत स्मार्टफोनचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. पोटाला चिमटा घेऊन लोकांनी पोरांसाठी फोन घेतले, हे त्या आकड्यात आहे. आणि त्याच 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली होती. आमच्याकडच्या ग्रामीण शाळांत पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. जे पोर २०२० च्या जूनमध्ये पहिलीत आलं, त्यानं वर्ग पाहिला तो दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. हे आकडे वाचले तेव्हा मला पणजोबांची औटकी आठवली. कोणी तरी या प्रत्येक पोराजवळ बसून विचारायला हवं होतं की बाबा, कुठवर आला होतास. काही शाळांनी विचारलं. पुष्कळ ठिकाणी जूनमध्ये नवं पुस्तक उघडलं गेलं.

आमच्या वरच्या वाडीच्या गुरुजींनी विचारलं. तिशीच्या आतलेच असतील. बंदीच्या दिवसांत ते मोटारसायकलवरून वाड्या करायचे, पाठीवर सॅक, सॅकमध्ये झेरॉक्स काढलेले स्वाध्याय. झेरॉक्सचा खर्च पदरचा. देवळाच्या ओट्यावर चार-चार पोरांना लांब लांब बसवायचे. मुंबईहून आलेली पोरंही तिथं यायला लागली, इंग्रजी माध्यमाची असली तरी. गुरुजींनी त्यांनाही आपल्या वहीत घेतलं. त्या वहीत रकाने होते: नाव, घरी फोन आहे का, कोणाजवळ असतो, वाचन कुठवर, वजाबाकी हातच्याची येते का, आणि शेवटचा रकाना, शेवटचं कधी भेटलं. ती वही मी चाळली. एका नावापुढं तीन आठवडे काही नव्हतं, म्हणून ते त्या पोराच्या मामाच्या गावापर्यंत जाऊन आले होते. आबांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हे कुठून शिकलात असं विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, पट माझ्याकडं आहे ना. मग पोर कुठं आहे ते मला ठाऊक नको?"

पटाचाही खोटेपणा आपण पाहिलेला आहे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली आणि लाखो नावांमागं पोरंच नव्हती असं निघालं. तेव्हा कागदावर नाव होतं आणि पोर नव्हतं. पडद्यावरच्या काळ्या चौकोनात तेच घडू शकतं, फक्त तिथं शाई लावायला बोट सापडत नाही.

आता या वाडीच्या शाळेत ऑनलाइन शिक्षण आहे आणि ते उत्तम चाललंय. खालच्या गावातल्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर गुरुवारी दुपारी पडद्यावरून वरच्या पोरांना प्रयोग दाखवतात. गुरुजी पडद्याकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून उभे असतात. कोणाच्या कपाळाला आठी पडली की हात वर करून सरांना थांबवतात. गेल्या पावसाळ्यात मी एका तासाला बसले होते. सरांनी हवेचा दाब शिकवताना पाण्यानं भरलेला पेला पुठ्ठ्यावर उलटा धरला. एका पोरानं विचारलं, पुठ्ठा ओला झाल्यावर पडत का नाही? सर बोलायला लागले, तेवढ्यात रेंज गेली. गुरुजींनी लगेच पेला मागवला, पुठ्ठा नव्हता म्हणून जुन्या वहीचं कव्हर फाडलं आणि पोरांना एकेक करून तो उलटा धरायला लावला. दोघांनी अंगावर पाणी घेतलं. रेंज परत आली तेव्हा सरांना सांगायला सगळ्यांकडे काही ना काही होतं.

या शाळेचा पट नऊ आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत आणि २०२३ पासून त्या एकत्र करून समूह शाळा करायचं घाटतंय. मोठी शाळा, प्रयोगशाळा, संगणक, मैदान, हे सगळं पोरांना मिळायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आमच्या वाडीपासून रस्त्याला ओढा आडवा येतो आणि जुलै-ऑगस्टात तो उतरत नाही. त्या दिवसांत पडदा आहे की, असं म्हणणारे मला भेटलेत. त्यांनी एकदा त्या ओट्यावर येऊन बसावं. नऊ पोरांना एक मास्तर हा खर्च मला जास्त वाटत नाही, आणि हे मी जिथं म्हणून बोलावतात तिथं उभी राहून सांगते.

गुरुजी पुढच्या वर्षी बदलीस पात्र आहेत. त्यांच्या जागी कोणी येणार की जागा रिकामी ठेवणार, ते अजून ठरलेलं नाही. वाडीनं तालुक्याला अर्ज दिलाय. त्यावर पोरांच्या आयांच्या सह्या आहेत, सगळ्यांच्या मराठीत, एकीचाही अंगठा नाही. सोबत नऊ पोरांची नावं जोडली आहेत, आणि प्रत्येक नावापुढं, वाचन कुठवर, वजाबाकी कुठवर.